पंख्याला घातलेला हार

स्कूटरच्या चाकाखाली आईनं लिंबू ठेवलं होतं, म्हणून सावनी त्या दिवशी चालत निघाली. खंडेनवमी होती. धारवाडात त्या दिवशी लोखंडाच्या प्रत्येक वस्तूला देवपण येतं. विळी, कात्री, शिवणयंत्र, रिक्षा, सगळी हळदकुंकू लावून ऐटीत बसलेली असतात, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही.

"सणासुदीचं कसलं गं काम? जेवायच्या वेळेला तरी ये की," आई दारातून म्हणाली.

"एवढं एक आटपते आणि येते."

संशोधन करणाऱ्या पोरींची 'एक' कामं केव्हा आटपतात, ते त्यांच्या आयांना चांगलं ठाऊक असतं. आईनं मुकाट्यानं डबा तिच्या हातात दिला.

भुताखेताच्या गोष्टींना रात्र लागते असं म्हणतात. ही घडली टळटळीत दुपारी, सप्तापूरच्या पुढच्या टेकाडावर, एका खासगी संशोधन संस्थेत. संस्थेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक नावालाच धरून बसतात आणि गोष्ट राहून जाते.

तिथं सावनी रसायनशास्त्रात पीएचडी करत होती. काळा आजार म्हणून एक रोग आहे. वाळूमाशी चावते, रक्तात परजीवी शिरतो, पोटात प्लीहा सुजते आणि माणूस तापानं झिजत जातो. रोग गरिबांना होतो, त्यामुळे त्याच्यावर नवं औषध शोधायची घाई फारशी कुणाला नसते. सावनीला होती. कार्बन, नायट्रोजन आणि गंधकाच्या अणूंची साखळी घ्यायची, तिची दोन टोकं जुळवून इवलंसं कडं तयार करायचं, आणि त्या कड्यानं परजीवी मरतो का ते बघायचं, हे तिचं काम. मरतो, असं पहिल्या चाचण्यांत दिसलंही होतं. पण पुढच्या चाचणीला शुद्ध पांढरे स्फटिक हवे होते आणि सावनीच्या हाताला यायचं ते तपकिरी, चिकट तेल. दसरा उलटला की नमुना पाठवायचा होता. नाही गेला तर प्रबंधाची मुदत संपणार होती, आणि तिच्या तरुणपणाची चांगली वर्षं त्या तेलात बुडणार होती.

हे कडं पहिल्यांदा तयार केलं ते रश्मीनं. हुबळीची मुलगी, सावनी यायच्या आधीची. ती लॅबमध्येच गेली, अशाच एका सुट्टीच्या दिवशी. "हार्टचं होतं तिला," एवढंच सगळे म्हणायचे आणि विषय बदलायचे. तिचं काम तिच्यामागून छापून आलं ते लॅबचे प्रमुख आणि मार्गदर्शक वादिराज सरांच्या नावानं. रश्मीचं नाव शेवटी, बारीक अक्षरांत, आभारात होतं. लॅबच्या भिंतीवर सरांचे सत्काराचे फोटो होते. तिचा एकही नव्हता.

सावनी पोचली तेव्हा पूजा संपत आली होती. दारात कोहळा फोडलेला, त्यातलं कुंकू उंबऱ्यावर पसरलेलं. वजनकाट्याला गंध, संगणकांना झेंडू, सगळीकडे उदबत्तीचा धूर. ऑफिसातल्या अंबूताई चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटत होत्या. सावनीच्या हातात डबा बघून त्या म्हणाल्या, "हब्बद दिवस काम करतेस? घरी जा गं बाई." सणाच्या दिवशी राबणाऱ्या माणसाची धारवाडाला कीवच येते.

सर गच्चीवरून खाली येत होते. रेशमी सोवळं, कपाळाला अंगारा. ते मोठ्या पंख्याला हार घालून आले होते. लॅबमध्ये ओळीनं फ्यूम हूड होते, म्हणजे पुढून सरकती काच असलेली कपाटं. विषारी वायूचं काम त्यांच्या आत करायचं. आतली हवा नळीतून वर खेचून बाहेर टाकायला गच्चीवर तो एकच पंखा होता. सरांनी मोठ्या खटपटीनं आणलेला, त्यामुळे त्यांचा लाडका. दरवर्षी त्याला ते स्वतःच्या हातानं हार घालायचे.

"सर, आज कड्याची पायरी आहे," सावनी म्हणाली. "गंधकाचा वायू निघेल. पंखा लावावा लागेल."

"अगं, आत्ताच हार घातलाय. पंखा लावला की हार तुटेल. पूजेच्या दिवशी हार तुटणं बरं नव्हे."

"मग उद्या करू?"

"उद्या करून परवा पाठवणार कशी? वाळवायला वेळ नको? प्रबंध तुझा आहे, माझा नव्हे."

"पण शेगडी तरी आज चालेल का?"

"शेगडीची पूजा मी मुद्दामच केलेली नाही," सर म्हणाले. धर्म आणि विज्ञान दोन्ही सांभाळणारा माणूस. "खिडकी उघड. एवढ्यानं काही होत नाही."

चुकून कुणी पंखा लावू नये म्हणून त्यांनी जिन्यातल्या स्विचच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. हे त्यांनी सावनीच्या डोळ्यांदेखत केलं. तिनं त्यांना अडवलं नाही. ज्याची सही हवी असते त्याच्याशी कोण वाद घालतं?

दुपार होता होता इमारत रिकामी झाली. शेवटची मोटारसायकल टेकाड उतरून गेली आणि मग काही ऐकू येईना. सावनीनं खिडकी उघडली. वारा असून नसल्यासारखा होता. तिनं हूडमध्ये शेगडीवर चंबू चढवला, गंधकाची पिवळट पूड घातली, काच जमेल तेवढी खाली ओढली आणि समोर उभी राहिली.

वास लगेच सुटला. सडक्या अंड्यांचा, तोंडात चव उतरवणारा. त्यात झेंडू आणि उदबत्ती मिसळली. तिनं नाकाला ओढणी बांधली. डोळे चुरचुरत होते.

तेवढ्यात आवाज आला.

कर्र… कर्र… काच काचेवर घासल्याचा.

रसायनवाल्यांना हा आवाज ओळखीचा असतो. तेल काही केल्या गोठेना की काचेच्या कांडीनं भांडं आतून घासत बसायचं. ओरखड्यावर कधीतरी पहिला स्फटिक धरतो. सावनीनं मान वळवली. टोकाचा हूड कुणी वापरत नसे. त्याच्यापुढं पांढऱ्या कोटातली एक मुलगी पाठमोरी उभी होती. लांब वेणी, किंचित झुकलेले खांदे.

"कोण?" सावनी दचकून म्हणाली.

"मी. तुझं चालू दे गं."

आवाज थकलेला, पण आपुलकीचा होता. खालच्या मजल्यावर नव्या मुली आल्या होत्या, त्यांतलीच असेल, असं सावनीला वाटलं. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. एकटीनं वास सोसण्यापेक्षा सोबत बरी.

"तुलाही सुट्टी नाही काय?"

"आमच्यात ही पूजा नसते. सर म्हणाले, मग तुला काय अडचण, तू बस की."

"मलाही बसवलंय."

"तुझ्यात तर असते ना पूजा?" मुलगी म्हणाली. "मग तुला का बसवलं?"

कर्र… कर्र… चालूच होतं.

"स्फटिक येत नाहीत ना?" मुलीनं विचारलं. "घासत राहायचं. कंटाळायचं नाही. एक आला की बाकीचे येतात."

"तुला कसं कळलं माझं तेल होतंय ते?"

ती नुसती घासत राहिली. सावनीचं डोकं ठणकत होतं. घामानं कोट पाठीला चिकटला होता. शेगडी जरा कमी करावी असं मनात येत होतं, पण हात उचलायचा कंटाळा आला होता.

"वास फार झालाय गं," ती म्हणाली.

"येतोय ना अजून?" मुलीनं काळजीनं विचारलं. "येतोय तोवर बरं."

मग कितीतरी वेळ गेला. चंबूत रटरट चालली होती. खिडकीबाहेरचं ऊन पांढरंफटक पडलं होतं, आणि एवढ्या उजेडातही तो टोकाचा हूड काळोखा दिसत होता. तिकडे बघायला नको, असं सावनीला उगाचच वाटायला लागलं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की वास थांबलाय. सडका वास गेला होता. झेंडूचाही गेला होता, उदबत्तीचाही. हवा कशी स्वच्छ, धुतल्यासारखी लागत होती. तिनं ओढणी सोडली आणि पोटभर श्वास घेतला.

"गेला बाई वास एकदाचा. आता बरं वाटतंय."

कांडीचा आवाज थांबला.

"बरं वाटतंय?" मुलगी अगदी हळू म्हणाली. "मलाही असंच वाटलं होतं…"

"म्हणजे?"

"वास गेलेला नाही गं. नाक गेलंय. हा वायू आधी नाक मारतो… मी म्हटलं, बरं झालं. जरा खाली बसून डबा खावा म्हटलं…"

सावनीला हे माहीत होतं. वर्गात शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण माहीत असलेली गोष्ट त्या क्षणी कुठूनतरी फार लांबून ऐकू आली. तिनं दाराकडे वळायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. ती फरशीवर बसली.

"पंखा…" ती म्हणाली.

"लावू नको म्हणाले ना? हार तुटेल म्हणाले?"

"हो…"

"खिडकी उघड म्हणाले? एवढ्यानं काही होत नाही म्हणाले?"

सावनीनं मान हलवली. आता आवाज टोकाच्या हूडमधून येत नव्हता. तो तिच्या कानाशी होता, आणि त्याला श्वास नव्हता. पांढऱ्या कोटाची बाही तिच्या डोळ्यांसमोर आली. हातात काचेची कांडी होती आणि नखं शाईत बुडवल्यासारखी काळीनिळी होती.

"आईला सांग," तो आवाज म्हणाला. "माझं काळीज कच्चं नव्हतं…"

मग डोक्यावर कुठंतरी खडखडाट झाला, इमारत हादरली आणि गच्चीवरचा पंखा घोंघावू लागला.

सावनी शुद्धीवर आली ती बाहेर, उंबऱ्यापाशी. गालाला कोहळ्याचं कुंकू लागलं होतं. ती तिथवर सरपटत आली की तिला कुणी आणलं, हे तिला आजही सांगता येत नाही. समोर वादिराज सर उभे होते. घरी जेवून, काम कुठवर आलं ते बघायला परत आले होते आणि पंख्याचा आवाज ऐकून धावत वर चढले होते. जमिनीवर पडलेल्या विद्यार्थिनीला त्यांनी विचारलं ते असं,

"पंखा कुणी लावला? हार तुटला ना!"

ते तिला तिथंच सोडून गच्चीवर गेले. त्यांच्या पावलांसरशी पंखा थांबला. खाली आले तेव्हा चेहऱ्याचा रंग उतरला होता. हार जागच्या जागी होता, ताजा, एक पाकळी न हललेला. स्विचच्या पेटीला कुलूप तसंच. किल्ली त्यांच्या कनवटीला.

दोघं आत गेली. टोकाच्या हूडमध्ये नळीतून पडलेला झेंडूच्या पाकळ्यांचा ढीग होता. वाळलेल्या, काळपट, हात लावताच चुरा होणाऱ्या. वर्षानुवर्षं जुन्या.

सावनीच्या हूडमधली शेगडी बंद होती. चंबूच्या तळाशी शुभ्र स्फटिकांचा थर बसला होता, आणि काचेवर आतून ओरखडेच ओरखडे होते. तिनं त्या दिवशी कांडी हातातही घेतली नव्हती.

सरांनी केरसुणी आणली. पाकळ्या स्वतः गोळा केल्या, पिशवीत भरल्या, पिशवीला गाठ मारली. मग ते हसले.

"झालं ना तुझं काम? आता इकडचं तिकडं बोलत बसू नकोस. प्रबंधावर पुढच्या आठवड्यात सही करून टाकू."

इतकी वर्षं जिच्यासाठी तिनं जीव टाकला, ती गोष्ट चंबूत चमकत होती. फक्त गप्प राहायचं होतं. त्या रात्री सावनी जेवली नाही. जेवणाला वास नव्हता, हे एक कारण होतं.

दसऱ्याच्या दिवशी ती धारवाड-हुबळी चिगरी बसनं हुबळीच्या उणकलला गेली. रश्मीच्या आई, भीमाबाई, नगरपालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. तिथल्या तलावाच्या मागच्या नव्या वस्तीत त्यांचं घर होतं. पांढरं लुगडं नेसून त्या विहारात कार्यक्रमाला निघाल्या होत्या. धाकटा मुलगा प्रेमानंद दारात निळा झेंडा काठीला बांधत होता. सावनीनं सगळं सांगितलं. पंखा, हार, खिडकी. आणि शेवटी निरोप.

भीमाबाई मुलाकडे बघत म्हणाल्या, "काळीज कच्चं होतं म्हणून सांगितलं आम्हाला. घराण्यात असणार म्हणाले. या पोराला मी कधी पळू दिलं नाही. फुटबॉल खेळायचा चांगला. मीच बूट टाकून दिले त्याचे."

प्रेमानंदच्या हातातली गाठ तशीच राहिली.

"म्हणजे आमच्यात पूजा नाही म्हणून तिला कामाला बसवलं," भीमाबाई शाळेत समजावून सांगावं तशा एकेक शब्द म्हणाल्या, "आणि त्यांच्या पूजेचा हार तुटू नये म्हणून पंखा बंद ठेवला."

"हो."

"तुला वाचवलं तिनं. चांगलं केलं. तशीच होती ती." मग त्यांनी सावनीकडे बघितलं. "पण तिच्या वेळेला कोण होतं गं? तिच्यासाठी कुणी लावला पंखा?"

सावनी रडली. रडून काय होणार होतं? भीमाबाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "हे चार माणसांत सांगशील काय?"

तिनं सांगितलं. संस्थेच्या वरिष्ठांसमोर उभी राहून सांगितलं. पाकळ्यांचं आणि त्या मुलीचं सोडून सगळं सांगितलं. चौकशी समिती बसली, चहा प्यायली आणि उठली. पंखा नेहमीच चालू असतो, असं सरांनी शपथेवर सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. अंबूताई खाली बघत राहिल्या. सावनीच्या प्रबंधावर सही झाली नाही. तिचे स्फटिक चाचणीला गेले, परजीवीवर उत्तम चालले, आणि ते काम छापून आलं तेव्हा सरांच्या नावाखाली स्वप्नील नावाच्या नव्या मुलाचं नाव होतं. आभार या वेळी कुणाचेच नव्हते.

सावनी हुबळीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. तिचं नाक काही परत आलं नाही. कॉफीचा वास नाही, फोडणीचा नाही. माणसं सांगायची, सावनी ऐकायची.

तिकडच्या गोष्टी कानावर यायच्या. वादिराज सरांना सारखा वास येतो. सडक्या अंड्यांचा. केबिनमध्ये येतो, गाडीत येतो, देवघरात येतो. बाकी कुणालाच येत नाही. त्यांनी केबिन बदलली, नळ बदलले, घराला नवा रंग दिला. सावनीच कुणाकडून तरी काहीतरी ठेववून घेते, असं ते म्हणत सुटले. माणसं तोंडावर हो म्हणायची आणि पाठीमागे हसायची.

वर्ष फिरून पुन्हा खंडेनवमी आली. दुपारी सावनीचा फोन वाजला. सरांचा नंबर होता.

"वादिराज बोलतोय." आवाज कधी नव्हे तो मोकळा होता. "लॅबमध्येच आहे. पूजा आटपली, सगळे गेले. मुद्दाम तुला फोन केला. तू जे काही करत होतीस ना, ते संपलं बघ. वास गेला! आत्ताच, एकदम. उदबत्तीचासुद्धा येत नाही. इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू…"

सावनी उभी होती ती खाली बसली. बाहेर पडा, सर. धावत बाहेर पडा. शब्द ओठांवर आले होते. दोन शब्दांचं काम होतं.

त्याआधीच कुणीतरी बोललं. फोनमध्येच, पण सरांच्या बाजूनं, त्यांच्या अगदी कानाशी, थकलेल्या आवाजात.

"खिडकी उघडा की, सर… एवढ्यानं काही होत नाही."

"हां, उघडतो," सर म्हणाले. सावनीच बोलली असं त्यांना वाटलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दोन पावलं वाजली, मग काहीतरी जड खाली बसलं.

सावनीनं तोंड उघडलं नाही. फोन मात्र तिनं कानाला घट्ट धरून ठेवला. पलीकडे फोन चालूच होता. कर्र… कर्र… काच काचेवर घासली जात होती, न कंटाळता. ती जीव कानात आणून पंख्याच्या घोंघावण्याची वाट बघत राहिली. बाहेर ऊन उतरलं, दिवेलागण झाली. पंखा लागल्याचा आवाज काही आला नाही.